तुलुगाकची आई

कोपाक आमच्या गावात पाण्याचा ट्रक चालवतो आणि तो तुलुगाकची आई आहे. दोन्ही कामं त्याच्याकडे न मागता आली. पहिल्याला निदान पगार आहे.

तुलुगाक ऐंशी ओलांडून बराच पुढे गेलेला, कोपाक पंचावन्नच्या आसपास. कोपाकला जाड मिशा आहेत, मिशांना शोभेल असं पोट आहे, आणि तो होंडावर बसला की तिची मागची चाकं किंचित फाकतात. (चार चाकांची ती उघडी गाडी कुठल्याही कंपनीची असो, आमच्या सिकुलियाकमध्ये तिला होंडाच म्हणतात.) यातलं काहीही आईपणाच्या आड येतं असं आमच्यात कुणाला वाटत नाही. तुलुगाकच्या आईचं नाव कोपाक होतं. ती वारली. मग लोक तंबू सोडून सरकारी घरांत राहायला आले, आणि शेजारच्या घरातली बाई गरोदर असताना तिच्या स्वप्नात म्हातारी कोपाक दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, चहा आहे का. स्वप्नात येऊन चहा मागणारं माणूस राहायला येणार हे उघडच असतं. मुलगा झाला, त्याचं नाव कोपाक ठेवलं, म्हातारी परत आली. नावाबरोबर नाती येतात. मिशा नंतर येतात.

बातमी कळली तेव्हा तुलुगाक शिकारीवर होता. तो परतला, बर्फाने कडक झालेल्या कपड्यांनिशी तसाच शेजारच्या घरात शिरला, बाळाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आई, फार वेळ लावलास." त्या काळी त्याच्या तोडीचा शिकारी या किनाऱ्यावर नव्हता. तो कुणाशी फारसं बोलत नसे आणि कुणाचं ऐकत तर मुळीच नसे. बाळ रडलं तेव्हा मात्र तो दोन पावलं मागे सरला. आई रागावली असं त्याला वाटलं.

कोपाकचं बालपण त्यामुळे चांगलं गेलं. सीलची कलेजी, कॅरिबू हरणाची जीभ, माशाचं डोकं, जे जे चांगलं ते तुलुगाक आधी आईला नेऊन देई. आई तेव्हा रांगत होती. बाईचं नाव होतं म्हणून त्याच्या केसांच्या दोन वेण्या घालत. पहिला सील मारेपर्यंत त्या कापायच्या नव्हत्या. दक्षिणेकडून नव्याने आलेल्या मास्तरांनी त्याला मुलींच्या रांगेत बसवलं आणि तो बसला. तिथे शेगडी जवळ होती. मास्तरांना उलगडा होईतो हिवाळा संपत आला.

त्याच्या 'नाही'ला वजन कसं आलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो पाचेक वर्षांचा असेल. तुलुगाक भल्या पहाटे बर्फगाडीला कुत्री जुंपत होता आणि कोपाक पायरीवर उभा राहून म्हणाला, "नाही जायचं." तुलुगाकने एक शब्द न बोलता कुत्री सोडली. बाकीचे शिकारी मनातल्या मनात हसले आणि निघून गेले. दुपारी असं वादळ आलं की ते सगळे बर्फात खड्डे करून बसून राहिले आणि भुकेले, ओठ फाटलेले असे परतले. तेव्हापासून म्हातारी कोपाक हवामान जाणते यात शंका उरली नाही. कोपाक अजून सांगतो की त्याला फक्त कुत्रीच्या पिल्लांशी खेळायचं होतं. हे तो कुणालाही सांगतो. कुणी मनावर घेत नाही.

तर असं हे कुटुंब. तुलुगाकची मुलगी लिटिया कोपाकला आजी म्हणते. तिला नातवंडं आहेत, त्यांनी कोपाकला काय म्हणायचं हे ती बोटांवर मोजून सांगते. नर्सने तुलुगाकला गोळ्या दिल्या तर तो त्या खिशात ठेवतो. कोपाक म्हणाला की गिळतो. म्हणून नर्स आता गोळ्या थेट पाण्याच्या ट्रकवर देते.

उन्हाळ्यात आमच्याकडे जहाज येतं. शे-दीडशे पाहुणे रबरी बोटींतून किनाऱ्यावर उतरतात, सगळे एकसारख्या नारिंगी कोटात, म्हणजे एखादा हरवला तर दुरून दिसावा. टेकडीवर आमचे दोघे बंदूक घेऊन बसतात, अस्वल आलं तर. अस्वल सहसा येत नाही. त्याला नारिंगी कोटांचा अनुभव असावा. पाहुणे समाजमंदिरात जमतात, जाड रोटी आणि चहा घेतात, चरबीचा दिवा कसा लावतात ते बघतात, दगडातले कोरीव वालरस विकत घेतात, आणि आम्ही कसे जगतो ते आम्हाला विचारतात. आम्ही सांगतो. लिटिया ही सगळी व्यवस्था बघते आणि दुभाष्याचं कामही तीच करते.

पाहुणे चांगले असतात. फक्त ते सारखं 'का' विचारतात. आमच्यात 'का' हा लहान मुलांचा प्रश्न. मोठं झाल्यावर माणूस बघतो, थांबतो, आणि कळायचं ते कळतं. नाही कळलं तर ते आपल्यासाठी नव्हतं. मोठ्या माणसाला तोंडावर 'का' विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं. म्हणून पाहुण्यांचं वय कितीही असो, त्यांच्याशी आम्ही लहान मुलांशी बोलावं तसंच बोलतो, प्रेमाने आणि थोडं मोठ्या आवाजात. त्यांनाही ते आवडतं असं दिसतं.

गेल्या वर्षी जहाजाच्या आधी महिनाभर ओदिल विमानाने आली. ओदिल जहाजावर वाटाड्याचं काम करते. जुन्या वस्त्यांचा तिचा अभ्यास आहे, आणि आमची भाषा ती दुसरीतल्या मुलासारखी बोलते, म्हणजे छान. तिने लिटियाला सांगितलं की यंदा जहाज पुढे उत्तरेला कूनारुक नदीच्या मुखापर्यंत जाणार आहे. तिथे जुने तळ आहेत. तुलुगाक तिथे जन्मला, वाढला. तो जहाजावर आला आणि पाहुण्यांना चार गोष्टी सांगितल्या तर किती बरं होईल. येतानाच्या फेरीत त्याला परत आणून सोडू.

लिटियाने बापाला विचारलं. तुलुगाक म्हणाला, "आईला विचारायला हवं." आणि त्याच दुपारी त्याने आपली कॅनव्हासची पिशवी भरून ठेवली.

लिटिया घाबरली. ती तडक पाणी भरण्याच्या टाकीवर गेली. कोपाक तिथे ट्रक भरत होता.

"आजी, बाबा तुला काहीतरी विचारणार आहेत."

"विचारू दे."

"कूनारुकला जायचंय त्यांना. जहाजातून. तू नाही म्हण."

कोपाकने झडप अर्धी बंद केली. कूनारुक म्हटल्यावर तो जरा थांबला, हे लिटियाने नंतर सांगितलं. तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. ती डोळे, रक्तदाब, जहाजाची शिडी आणि रबरी बोट यांत होती.

"त्यांना धड दिसत नाही. परवा माझ्या अंगणातल्या बादलीला त्यांनी ये, बस म्हटलं. माझं ऐकत नाहीत. नर्सचं तर गाणं ऐकावं तसं ऐकतात. तू एकदा नाही म्हणालास की विषय संपेल."

"बघतो," कोपाक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तुलुगाकच्या घराची टाकी भरत होता. तुलुगाक दोन मग घेऊन बाहेर आला.

"आई, चहा घे."

"नळी लावलीय. नंतर घेतो."

"थंड होईल."

"बाळा, टाकी वाहिली तर तुझ्याच पायऱ्यांवर चिखल होईल. आणि टोपी कुठे आहे तुझी?"

तुलुगाकने खिशातून टोपी काढून घातली. थोडा वेळ दोघं नळीकडे बघत राहिले. मग तुलुगाक नळीकडेच बघत म्हणाला, "जहाजवाली पोरगी म्हणते, कूनारुकला येता का."

"हं."

"जाऊ का?"

कोपाकने टाकीचा काटा बघितला. तो अजून निम्म्यावरच होता. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"बरं," तुलुगाक म्हणाला. मग त्याने आईसाठी आणलेला चहा स्वतःच पिऊन टाकला आणि आत जाऊन पिशवी पलंगाखाली सरकवली.

विषय संपला असं लिटियाला वाटलं. कोपाकच्या घरी तो सुरू झाला. त्याची बायको उयाराक जमिनीवर पुठ्ठा अंथरून सील कापत बसली होती.

"काय म्हणतो तुझा मुलगा?"

"कूनारुकला जायचंय त्याला."

"मग?"

"नाही म्हटलं."

"डोळ्यांसाठी."

"डोळ्यांसाठी."

उयाराकने बरगड्या सुट्या केल्या. "डोळे तीन उन्हाळे असेच आहेत. वसंतात सुरुंगासारख्या फुटणाऱ्या बर्फावर सील मारायला पाठवलंस त्याला, तेव्हा डोळे घरी ठेवून गेला होता वाटतं."

कोपाक बूट काढत बसला. बूट निघाले, तरी तो काढतच होता.

"मी इथे आहे," तो शेवटी म्हणाला. "जन्मापासून इथे आहे. त्याची टाकी भरतो, गोळ्या देतो, टोपी घाल म्हणतो. आणि त्याला बघायचेत ते दगड."

"कुठले दगड?"

"माझ्यावरचे."

म्हातारी कोपाक कूनारुकला दगडांखाली आहे, हे उयाराकच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग तिने सुरी खाली ठेवली. "लोकांचे नवरे शेजाऱ्याच्या बोटीवर जळतात," ती म्हणाली. "माझा स्वतःच्या थडग्यावर जळतो."

हे तिने घरातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे गावाचा रेडिओ आहे. रोज संध्याकाळी कुणीही फोन करून त्यावर बोलू शकतं: वाढदिवस, हरवलेला मोजा, विकायचं इंजिन, डोंगराआड गेलेल्या माणसाची वाट बघणं. उयाराकने नाव न घेता सांगितलं, आणि नाव न घेतल्यामुळे कुणाला शंका राहिली नाही. त्यानंतर आठवडाभर कुणी कोपाकला एक शब्द बोललं नाही. तशी पद्धत नाही. मात्र संध्याकाळी कुणी ना कुणी फोन करून म्हणे, "गावातल्या सगळ्या आयांना माझा नमस्कार." एकाने चर्चमधलं एक गाणं लावायला सांगितलं, ते मायेबद्दल होतं. कोपाक ट्रकमध्ये रेडिओ चालू ठेवी. बंद केला तर बंद केल्याचं लोकांना कळलं असतं.

तुलुगाक मात्र नेहमीसारखा. मोसमातला पहिला लाल मासा त्याने जाळ्यात धरला आणि आईच्या दारात आणून ठेवला. पूर्वी तो ठेवून थोडा वेळ उभा राही, कोपाक माशाला नावं ठेवी, लहान आहे, कल्ले फिके आहेत, आणि तुलुगाक हसे. या वेळी तो ठेवून वळला. कोपाक दारातून म्हणाला, "मोठा आहे." तुलुगाक म्हणाला, "हो, आई," आणि गेला. कोपाकने तो मासा दिवसभर खाल्ला नाही. उयाराकने खाल्ला.

का जायचंय, एवढं कोपाकने विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण कोपाक काही पाच वर्षांचा नव्हता.

जहाज ऑगस्टच्या मध्यावर आलं. खाडीत बर्फाचे दोन-तीन तुकडे उरले होते, पाहुण्यांनी त्यांचे भरपूर फोटो काढले. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या. उयाराक दिव्याजवळ बसून शेवाळाची वात पसरत होती. कोपाक मागे, चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी. रोट्यांचं ताट त्याच्या हातात होतं. तुलुगाक पुढे खुर्चीवर, त्याच्या बाजूला लिटिया.

तुलुगाकने कूनारुकच्या गोष्टी सांगितल्या. तो दरवर्षी सांगतो, पण या वेळी पाहुणे तिथे जाणार म्हणून ओदिलने मुद्दाम सांगायला लावल्या. नदी समुद्राला मिळते तिथे मासे कसे चढतात, लहानपणी तो आणि त्याचा भाऊ दगडांचा बांध घालून त्यांना कसे अडवत, बापाने एकदा त्याला पाण्यात ढकललं आणि तिथेच तो उभं राहायला शिकला. पाहुणे हसले. लिटिया भाषांतर करताना बापाच्या थोडं आधीच हसते, म्हणजे हसायचं कुठे ते कळतं.

मग पुढच्या रांगेतून एका निवृत्त दंतवैद्याने हात वर केला. भला माणूस होता. आमच्या मुलांच्या दातांकडे बघून त्याने एकदाच मान हलवली होती. तो म्हणाला, "एवढी चांगली जागा होती, तर तुम्ही परत कधी का गेला नाहीत? आणि आता जहाज जातंय तर का येत नाही?"

दोन 'का' एका दमात. आमच्यातले सगळे खाली बघायला लागले. लिटियाने भाषांतर करावं की चहा वाढू म्हणावं याचा विचार केला असावा, कारण ती चहाच्या भांड्याकडे बघत होती. पण ओदिलला दोन्ही भाषा कळतात. लिटियाने प्रश्न सांगितला, जमेल तितका हळू.

तुलुगाकला राग आला नाही. लहान मुलांवर कोण रागावतं. तो दंतवैद्य बसला होता साधारण त्या दिशेला बघून बोलू लागला.

"त्या वसंतात माझ्या आईला ताप होता. तंबूत होतो. ती म्हणाली, मी परत येईन, पण मला यातलं काही आठवणार नाही, लहान मुलाला काय आठवतं. तेव्हा मला एकदा इथे आण आणि नदी दाखव. मी हो म्हटलं."

लिटियाने सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

"पुढच्या वर्षी सगळे इथे राहायला आले, शाळेसाठी. मग आई आली. पण लहान होती, तान्ह्या पोराला एवढ्या लांब कसं न्यायचं. मग माझी कुत्री गेली. मग बोट होती, ती लहान होती. मोठी बोट झाली, त्या वर्षी खाडी बर्फाने मोकळीच झाली नाही. मग आई ट्रक चालवायला लागली."

लिटिया इथे अडखळली. दंतवैद्याने ओदिलकडे बघितलं. ओदिलने हलकेच मागच्या बाजूला बोट केलं, आणि शे-दीडशे नारिंगी कोट एकदम वळले. रोट्यांचं ताट धरलेल्या कोपाककडे सगळे बघत होते. त्याला ताट कुठे ठेवावं सुचेना.

"यंदा जहाज आहे," तुलुगाक म्हणत होता. "पण आईला मी चल असं कसं म्हणू? मुलाने आईला हुकूम करायचा? मी विचारलं, जाऊ का. वाटलं, ती म्हणेल, मीपण येते. ती नाही म्हणाली. म्हणजे तिला बघायची नसेल. तिची इच्छा. डोळे आहेत तोवर दाखवावी असं माझ्या मनात होतं, एवढंच."

त्याने पाण्याचा घोट घेतला. लिटियाने शेवटचं वाक्य भाषांतर केलं नाही. ओदिलने केलं.

"कुणाची तरी टाकी भरायची राहिलीय," असं कोपाक कुणाला उद्देशून न म्हणता म्हणाला, ताट एका पाहुण्याच्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर गेला. त्या दिवशी सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या. पाहुणे येणार म्हणून त्याने पहाटेच भरल्या होत्या.

लिटिया थोड्या वेळाने बाहेर आली. तो ट्रकमध्ये बसला होता, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती दुसऱ्या बाजूने वर चढून बसली.

"आजी."

"हं."

"नाही म्हण, असं मीच म्हटलं होतं तुला."

"'नाही' काही तुझ्यामुळे म्हटलं नव्हतं."

"ठाऊक आहे. उयाराकने रेडिओवर सांगितलं."

कोपाकने मिशा चोळल्या. समोर पाहुण्यांचा एक गट अस्वलांच्या पहारेकऱ्याबरोबर फोटो काढत होता.

"पिशवी उघडली का त्याने?" कोपाकने विचारलं.

"पलंगाखाली आहे. तशीच भरलेली."

"गोळ्या आहेत त्यात?"

"नसतील."

"मग घालाव्या लागतील," कोपाक म्हणाला आणि खाली उतरला.

तुलुगाकसाठी ठेवलेली जहाजातली खाट एकच होती. पण जहाजावरच्या डॉक्टरांचा नियम होता की इतक्या वयाच्या माणसाबरोबर जवळचा नातेवाईक हवाच. नियम कळल्यावर दुसरी खाटही निघाली. डॉक्टर तरुण होते आणि उत्तरेला पहिल्यांदाच आले होते. किनाऱ्यावर बोटीजवळ त्यांनी तुलुगाकची नाडी बघितली, मग कोपाककडे वळले. लिटिया भाषांतर करत होती.

"हे यांचे कोण?"

"आई," कोपाक म्हणाला.

डॉक्टरांनी कोपाकला बघितलं, तुलुगाकला बघितलं, परत कोपाकच्या मिशांकडे बघितलं. "सख्खी?" त्यांनी विचारलं.

"सख्खी," तुलुगाक म्हणाला. त्याला जरा वाईट वाटलं असावं.

डॉक्टर काही विचारायला तोंड उघडणार तोच ओदिल त्यांच्या कानात काही बोलली. त्यांनी मान डोलावली आणि दोघांना बोटीत घेतलं. पुढे ते डॉक्टर जहाजावर चांगले रुळले असं ऐकतो.

उयाराकने जाताना नवऱ्याला कोरड्या मांसाची थैली दिली. "स्वतःला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली.

कूनारुकचं पुढचं सगळं मला लिटियाने सांगितलं, तिला ओदिलने, आणि काही कोपाकने, पाणी भरता भरता, तुकड्या-तुकड्यांनी.

सकाळी रबरी बोटी लागल्या. उतरण्याआधी ओदिलने पाहुण्यांना बजावलं होतं: इथले दगड दिसतात तसे साधे नाहीत. गोल मांडलेले दिसतील ते तंबूंच्या कडेचे आहेत, कुणाच्या आजोबांनी ठेवलेले. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, एक खडाही हलवायचा नाही, कायदा आहे तसा. पाहुणे इतके जपून चालत होते की दुरून बघणाऱ्याला वाटावं सगळ्यांचे बूट चावताहेत.

तुलुगाक आणि कोपाक आधी दगडांच्या ढिगाकडे गेले. पाहुणे मागे थांबले. कुणी न सांगता थांबले, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. ढीग फार मोठा नव्हता. कोपाक हात मागे बांधून त्याच्याभोवती एकदा फिरला.

"लहान आहे," तो म्हणाला.

"तू लहानखुरी होतीस, आई."

"दगड नीट बसवलेस."

"वारा होता फार. हात वळत नव्हते."

"मला वारा लागला नाही," कोपाक म्हणाला.

तुलुगाकने मान हलवली. मग दोघं नदीच्या काठाने चढून जुन्या तळावर गेले. गवतात दगडांचं एक वर्तुळ होतं, थोडं रुतलेलं, दगडांवर नारिंगी बुरशी. तुलुगाकला ते दिसलं नसावं, पण पायांना ठाऊक होतं. तो बरोबर दाराच्या जागेतून आत शिरला.

"आठवतं का काही?" त्याने विचारलं.

"नाही," कोपाक म्हणाला.

"नाहीच आठवणार. तू म्हणाली होतीस तसं." आणि गोष्ट बरोबर निघाल्यासारखा तो खूश झाला.

कोपाक मागच्या बाजूला बसायला लागला.

"तिथे नको. ती बाबांची जागा. तू दिव्यापाशी, इकडे."

दिव्यापाशी दोन मोठे दगड एकमेकांजवळ होते. मधे बसणारी बाई लहानखुरी होती. कोपाकने बसून पाहिलं, एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने. अर्धा कोपाक बसला, अर्धा बाहेर राहिला. तुलुगाकने हाताने चाचपून बघितलं, काय अडतंय ते त्याला कळलं. तो गुडघ्यांवर बसला, त्यातल्या एका दगडाला खांदा लावला आणि त्याला हातभर बाहेर ढकललं. साठ हिवाळे तो दगड हलला नव्हता. खालची माती काळी, ओली होती.

पाहुण्यांमधून एक बारीक आवाज निघाला. ओदिलने आकाशाकडे हात केला आणि म्हणाली, तिकडे बघा, हंस. सगळ्यांनी वर बघितलं. हंस होते की नाही ते तिने नंतर लिटियालाही नीट सांगितलं नाही.

"बस आता," तुलुगाक म्हणाला.

कोपाक बसला. तुलुगाक त्याच्याजवळ टेकला, दम खात. समोर उतारावरून नदी समुद्रात जात होती, त्या बाजूला तोंड करून तो म्हणाला, "ही नदी."

"हं."

"कशी आहे?"

कोपाकने त्याच्याकडे बघितलं, मग नदीकडे. आता दाखवायचं कुणी कुणाला, हे त्याला समजलं असावं. त्याने घसा साफ केला.

"पाणी हिरवं आहे. तळ दिसतोय. पलीकडच्या काठाला वाळू आहे, त्यावर बदकं चाललीत, पाच-सहा. मधे दोन दगड आहेत, त्यांच्यामधून पाणी पांढरं होऊन येतंय."

"तीन."

"काय तीन?"

"दगड तीन आहेत."

"बाळा, दोन आहेत. मी बघतोय ना."

"तिसरा भरतीत बुडतो. आम्ही त्याच्यावर उभे राहून भाला मारायचो. ओहोटी लागली की येईल वर."

खालून ओदिलने घड्याळ दाखवलं. बोटी निघायची वेळ झाली होती. कोपाकने तिला हाताने थांब अशी खूण केली, पाय पसरले, आणि आई आणि मुलगा पाणी उतरायची वाट बघत बसून राहिले.